सामान चढवलं की सायकल डुलते: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

थंडी पडली की आमच्या धुळे-जळगावकडची मंडळी सायकली बाहेर काढतात. कुणाला तोरणमाळ चढायचं असतं, कुणाला अजिंठा, कुणी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला निघतं. याच दिवसांत माझ्या ओट्यावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "दादा, रिकामी सायकल मस्त चालते, पण सामान बांधलं की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी डुलते." त्याच दमात पुढचा प्रश्न असतो, "हलक्या बॅगा घेऊ का नवीन?"

हा दोष मी इतक्या सायकलींवर शोधलाय की आता क्रम ठरून गेलाय. तोच इथे लिहितो. पैसे खर्च करायच्या आधी तो क्रमाने करा. हलकी बॅग घ्यायला माझी ना नाही, मी स्वतः एकेक ग्रॅम कमी करत आलोय. पण बॅग हलकी असून कॅरिअरवर हलत असेल, तर तिच्यापेक्षा अर्धा किलो जड पण घट्ट बसणारी बॅग कधीही चांगली. वजन पायांना जाणवतं. हलणं मात्र हँडल, चाक आणि फ्रेम तिघांनाही सोसावं लागतं.

लक्षणं कोणती

सगळ्या डुलण्याला एकच नाव देऊ नका. नेमकं काय होतं ते आधी नीट बघा, कारण त्यावरून निम्मा शोध तिथेच लागतो.

उतारावर ठरावीक वेग आला की हँडल आपोआप डावीकडे-उजवीकडे थरथरतं आणि वेग उतरला की थांबतं. हे सगळ्यात धोक्याचं. मला ते पहिल्यांदा कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना भेटलं आणि त्या दिवशीची भीती अजून विसरलेलो नाही.

उभं राहून पॅडल मारलं की पुढचं चाक एकीकडे आणि मागचं सामान दुसरीकडे जातं. मागचा भाग जरा उशिरा आल्यासारखा वाटतो.

वळणावर मागचं चाक घसरल्याचा भास होतो, रस्ता कोरडा असला तरी.

खड्ड्यात टक्कन आवाज येतो, सपाट रस्त्यावर येत नाही.

कॅरिअरचे बोल्ट आवळले तरी दोन दिवसांत सैल होतात, किंवा मागच्या चाकाचे स्पोक एकामागून एक तुटतात. ही दोन लक्षणं आली असतील तर दोष जुना आहे, तुम्हाला तो आता दिसतोय एवढंच.

चालत्या सायकलीवर हँडल थरथरू लागलं तर हात ताठ करू नका, हँडल आवळून धरलं की थरथर वाढते. सीटवरून वजन थोडं उचला, गुडघा सीटकडून हँडलकडे जाणाऱ्या दांडीला घट्ट टेकवा आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत वेग उतरवा. गुडघा दांडीला टेकला की फ्रेमची थरथर जिरते. घाटात जायच्या आधी हे एकदा मोकळ्या रस्त्यावर करून बघा, म्हणजे वेळेला शरीराला आठवतं.

पहिली तपासणी: सामान उतरवा आणि चालवा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. तरीही हे कुणी करत नाही. सगळं सामान काढा, कॅरिअर राहू द्या, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा. डुलणं पूर्ण थांबलं तर दोष बहुधा सामानात, बांधण्यात किंवा कॅरिअरमध्ये आहे. रिकाम्या सायकलीलाही थोडी थरथर असेल तर तो टायरच्या हवेत, चाकात किंवा हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्या छर्र्यांवर फिरतं त्या जोडात आहे, आणि नव्या बॅगेने तो जाणार नाही. मागच्या हिवाळ्यात शिरपूरचा एक मुलगा महागड्या बॅगा घेऊन आला होता. त्याची सायकल रिकामीही डुलत होती. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, ढिला होता. बॅगांचे पैसे आधी गेले, दोष नंतर सापडला.

दुसरी: हवा

बोटाने दाबून बघू नका, गेज असलेल्या पंपाने मोजा. सामानाचं बरंचसं वजन मागच्या टायरवर येतं. हवा कमी असली की टायरची भिंत आडवी दबते आणि वळणावर मागचं चाक घसरल्यासारखं वाटतं. माझ्या ३५ मिलिमीटरच्या टायरला मी सामानासकट मागे ६० ते ६५ पीएसआय ठेवतो, पुढे त्याहून दहा कमी. तुमचं वजन आणि टायरची रुंदी वेगळी असेल तर आकडा बदलेल, पण टायरच्या भिंतीवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. आपल्याकडच्या बाभळीच्या काट्याने बारीक पंक्चर होतं आणि हवा रात्रभर हळूहळू जाते. संध्याकाळी ठीक असलेली सायकल सकाळी डुलायला लागली, तर पहिला संशय काट्यावर घ्या.

तिसरी: हलतंय नेमकं काय

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सामान बांधलेली सायकल भिंतीला टेकवा. एका हाताने सीट धरा, दुसऱ्याने एका बाजूची बॅग खालून धरून आडवी हलवा. मग डोळे मिटा आणि हाताला विचारा. बॅग हलते पण कॅरिअर स्थिर आहे? बॅग आणि कॅरिअर दोन्ही मिळून हलतात? की सगळी सायकलच मागून पिळवटते?

पहिल्या प्रकारात दोष हुकात असतो. कॅरिअरची सळी बारीक असते, हुकाचं तोंड मोठं, आणि मधल्या दोन मिलिमीटरच्या फटीत दहा किलो वजन दिवसभर आपटत राहतं. खड्ड्यातला तो टक्कन आवाज तोच. चांगल्या बॅगेबरोबर हुकात बसवायचे प्लास्टिकचे तुकडे येतात, ते लोक डब्यात ठेवून देतात. ते काढा, सळीच्या जाडीचे बसवा. नसतील तर जुन्या ट्यूबची पट्टी सळीवर दोन वेढे गुंडाळा, हूक तिच्यावर दाबून बसला पाहिजे. बॅगेच्या पाठीला खाली एक छोटा हूक असतो, तो कॅरिअरच्या खालच्या सळीत अडकलाय का तेही बघा. तो मोकळा असला की बॅग वरून टांगलेल्या घंटेसारखी झुलते.

इथेच बांधण्याबद्दल सांगतो. आपल्याकडे कॅरिअरवर काहीही बांधायचं तर हात आपोआप ट्यूबच्या पट्टीकडे जातो. गुंडाळायला ती उत्तम आहे, बांधायला नाही. रबर ताणतं, आणि जे ताणतं ते सामानाला हलायला जागा देतं. हूकवाली लवचिक दोरीही तशीच. तंबू किंवा चटई वर आडवी बांधायची असेल तर न ताणणारी नायलॉनची पट्टी घ्या, बकल ओढून आवळता येईल अशी. दोन पट्ट्या पुरतात, वजनाला काहीच नसतात.

सीटच्या मागे लांब निघणारी गुंडाळी बॅग वापरत असाल तर तिची गोष्ट वेगळी. कॅरिअर लागत नाही, म्हणून सगळा मांडणीचा भार एक-दीड किलोने कमी होतो, आणि म्हणूनच लोकांना ती आवडते. पण तिचं सगळं वजन सीटच्या दांडीवर मागे लोंबतं. तीन-साडेतीन किलोच्या वर भरली की उभं राहून पॅडल मारताना ती कुत्र्याच्या शेपटीसारखी हलते. तिच्यात कपडे आणि झोपायचं सामान एवढंच ठेवा, जड वस्तू सीटच्या दांडीकडच्या टोकाला, आणि हवा पूर्ण दाबून काढा. हवा राहिलेली बॅग कितीही आवळली तरी घट्ट होत नाही.

चौथी: वजन आणि त्याची जागा

भंगारवाल्यांकडे असतो तसा हुकाचा काटा घ्या. दोन्ही बॅगा वेगवेगळ्या टांगून मोजा. डाव्या-उजव्यात अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक असेल तर सामान बदला. मग एकूण वजन बघा, आणि कॅरिअरवर छापलेली किंवा त्याच्या कागदावर दिलेली मर्यादा बघा. फ्रेमला बोल्टने बसणारे अल्युमिनियमचे अनेक कॅरिअर २५ किलोपर्यंतचे असतात. सीटच्या दांडीला एकाच ठिकाणी पकडणाऱ्यांची मर्यादा बऱ्याचदा दहा किलोच्या आत असते. असा कॅरिअर वापरत असाल आणि बारा किलो लादले असतील तर पुढचं काही वाचू नका. दोष सापडला.

जागेबद्दल मला कुणी शिकवलं असेल तर पारोळ्याकडे एका दूधवाल्याने. त्याच्या काळ्या सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकलेल्या, चाकाच्या आसाच्या जवळपास खाली. माझ्या कॅरिअरवर तंबू, त्यावर चटई, त्यावर पाण्याची बाटली. तो माझ्या मागून येत होता. बाजूला आल्यावर एवढंच म्हणाला, "भाऊ, वझं खाले बांध." त्याच्या किटल्यांत माझ्यापेक्षा दुप्पट वजन असेल, तरी सायकल सुतात चालली होती. वजन जितकं वर तितका त्याचा झोका मोठा, आणि आसापासून जितकं मागे तितकं ते पुढचं चाक हलकं करतं. पुढचं चाक हलकं झालं की हँडल थरथरायला मोकळं होतं.

म्हणून जड वस्तू, म्हणजे हत्यारं, कुलूप, चार्जर, जादा पाणी, बॅगेच्या तळाला आणि सायकलीच्या आतल्या बाजूला. बॅग कॅरिअरवर शक्य तितकी पुढे सरकवा, पण टाच लागणार नाही इतकी. टाच लागते का ते पॅडल उलटं फिरवून घरातच बघता येतं. थोडं वजन पुढे न्या. हँडलच्या बॅगेत दोन किलोच्या आतलं, फ्रेमच्या त्रिकोणात पाणी. सगळं सामान मागे आणि पुढे काहीच नाही, ही मांडणी मला सगळ्यात जास्त डुलणाऱ्या सायकलींवर दिसते.

आता सुरुवातीचा बॅगांचा प्रश्न: काय न्यायचं आणि कशात. खान्देशात चार-पाच दिवस फिरायला माझं सामान पाण्याशिवाय आठ किलोच्या आत बसतं. चूल, भांडी, शिधा नेत नाही. मोठ्या रस्त्याला थोड्या थोड्या अंतरावर चहा-पोहे मिळतात, दुपारी शेवभाजी किंवा बट्टी, आणि यावल-रावेरच्या पट्ट्यात केळी कुठेही. सातपुड्यात शिरताना मात्र दोन वेळचं खाणं आणि तीन लिटर पाणी बरोबर ठेवा, आणि एक लिटर म्हणजे एक किलो हे काट्यावर धरा. झोपायच्या सामानात कपात करू नका. धुळ्याचा पारा जानेवारीत एक आकडी होतो, नदीकाठी त्याहून गार लागतं. घरची गोधडी उबदार असते, पण दोन-अडीच किलोची आणि फुगीर. एक किलोची झोपायची पिशवी तेवढीच ऊब देते, आणि माझ्या मते सगळ्या यादीत पैसे टाकायची पहिली जागा तीच. तिथे वाचलेलं एक-दीड किलो इतर कुठे वाचत नाही.

बॅगा ४० लिटरची जोडी घ्या, ६० ची नको. जागा असली की ती भरते. पूर्ण पाणीरोधक जाड बॅगांची जोडी दोन किलोच्या आसपास जाते. आपल्याकडे सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात, पाऊस आला तर अवकाळी. त्यासाठी हलक्या कापडी बॅगेच्या आत प्लास्टिकची पिशवी पुरते. शेतकऱ्याच्या घरी खताच्या गोणीच्या आत जे प्लास्टिकचं अस्तर निघतं, तसली जाड पिशवी मी वापरतो. स्वच्छ धुऊन, वाळवून. बॅग हलकी निवडताना एका जागी तडजोड करू नका: तिच्या पाठीला कडक फळी असली पाहिजे. फळी नसलेली बॅग पोटाला फुगते आणि स्पोकमध्ये घुसते.

पाठीवर सॅक घेऊन सायकलीचा भार कमी करायचा विचार बरेच जण करतात. करू नका. वजन सगळ्यात वर जातं, आणि दुसऱ्या दिवशी मान उचलत नाही.

पाचवी: कॅरिअरचे बोल्ट

हाताने हलवल्यावर बॅग आणि कॅरिअर मिळून हलत असतील तर इथे थांबा. बहुतेक कॅरिअरला पाच मिलिमीटरचे बोल्ट असतात, त्यांना चार मिलिमीटरची ॲलन की लागते. चारही बोल्ट पूर्ण काढा, नुसते आवळू नका. काढल्यावर कळतं की एखादा वाकलाय, एखाद्याचे आटे झिजलेत, कुठे वायसर नाही. वाकलेला बोल्ट लगेच बदला. आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा एक थेंब, खाली वायसर, आणि जिथे बोल्ट आरपार निघतो तिथे मागून नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट. लाल थ्रेडलॉक लावू नका, तो पुढच्या वेळी निघत नाही.

खालचे दोन बोल्ट जास्त महत्त्वाचे, बरंचसं वजन त्यांच्यावर येतं. मडगार्ड आणि कॅरिअर एकाच भोकात बसवले असतील तर कॅरिअर आत, फ्रेमला चिकटून असू द्या. मध्ये मडगार्डची तार आली की बोल्टवर वाकवणारा जोर येतो, आणि तो तिथेच तुटतो. कॅरिअरच्या सळ्यांच्या जोडांवर ओल्या कापडाने धूळ पुसून भेग दिसते का बघा.

बोल्ट तुटून त्याचा तुकडा फ्रेमच्या भोकात अडकला असेल तर पकडीने ओढायला जाऊ नका. मी एकदा तेच केलं आणि भोकाचे आटे गेले. ते काम ड्रिल आणि उलट्या आट्यांचं हत्यार असलेल्या मेकॅनिकचं किंवा लेथवाल्याचं आहे.

सहावी: चाक

हाताने हलवल्यावर सगळी सायकलच मागून पिळवटत असेल तर इथून पुढे नीट बघा. सायकल उलटी करा. मागचं चाक रिमला धरून आडवं हलवा. कट्कट् जाणवलं तर आधी आसाचे नट किंवा क्विक रिलीज (चाक काढायचा खटका) घट्ट आहे का बघा, मग हब ढिला आहे असं समजा. मग शेजारचे दोन-दोन स्पोक बोटांनी दाबत चाकाची एक फेरी करा. एका बाजूचे स्पोक साधारण सारखेच कडक लागले पाहिजेत. मागच्या चाकात चेनच्या बाजूचे जास्त ताणलेले आणि दुसऱ्या बाजूचे थोडे सैल असतात, त्यामुळे दोन बाजूंची तुलना करू नका. सैल स्पोक चाकाच्या प्रत्येक फेरीत ताण-सैल होत राहतो आणि कोपरापाशी तुटतो. जड माणूस आणि जड सामान असेल तर मागे ३६ स्पोकचं चाक घ्या, ३२ चं असेल तर ते चांगलं बांधलेलं हवं.

एखादा स्पोक थोडा सैल असेल तर पाव फेरी आवळायला हरकत नाही. तीन-चार सैल असतील, चाक आउट झालं असेल, स्पोक चेनच्या बाजूने तुटला असेल, तर चाक काढून मेकॅनिककडे द्या. चेनच्या बाजूचा स्पोक घालायला मागची दातेरी चकती उतरवावी लागते, त्याचं हत्यार वेगळं असतं. रिमवर स्पोकच्या भोकाभोवती बारीक भेग दिसली तर रिम संपली. ती आवळून वाचत नाही.

सातवी: हेडसेट

पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या जोडावर ठेवा, आणि सायकल पुढे-मागे ढकला. बोटांना धक्का जाणवला तर हेडसेट ढिला आहे. मग पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर छर्रे किंवा वाटी खराब झालीय. ढिला असेल तर आवळणं सोपं, पण क्रम चुकला की जास्त बिघडतं: आधी हँडलच्या जोडाचे बाजूचे बोल्ट सैल, मग वरचा, मग पुन्हा बाजूचे. हे आधी कधी केलं नसेल तर एकदा मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा. वाटी बदलायची असेल तर ती त्यालाच बदलू द्या.

जिथे मी हात लावत नाही

फ्रेमवर, विशेषतः कॅरिअरच्या भोकांजवळ, मागच्या आसाजवळ किंवा सीटच्या नळीखाली रंगात बारीक रेघ दिसली की ती नखाने तपासा. नख अडकलं तर ती भेग समजा आणि सायकल त्याच क्षणी बंद. अल्युमिनियमची फ्रेम रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आणि जोड दिसायला चांगला असला तरी पुढच्या घाटात सुटतो. कार्बनच्या फ्रेमला कॅरिअरचे पट्टे आवळू नका, निर्मात्याने जागा दिली नसेल तर तिच्यावर कॅरिअर लावायचाच नाही. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, वाकलेला असेल, चिरलेला असेल, हँडलच्या जोडात भेग असेल, तर दुरुस्ती नाही, बदल.

आणि वाटेत असाल तर? तोरणमाळच्या सातपायरी घाटात मागचा स्पोक तुटला किंवा कॅरिअर निखळला तर सायकलवरून घाट उतरू नका. एखाद्या पिकअपला हात करा, सायकल वर टाका, शहाद्याला या. आपल्याकडची माणसं थांबतात. सपाट रस्त्यावर एकच स्पोक तुटला असेल आणि चाकात ३२ च्या वर स्पोक असतील, तर तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळा, रिमला घासणारा ब्रेक थोडा सैल करा, मागचं सामान शक्य तेवढं सोबत्यांत वाटून द्या, आणि पुढच्या गावापर्यंत हळू चला.

सगळं बसवून झालं की पूर्ण सामानासकट घराजवळचा एक छोटा घाट करून या. आम्ही धुळेकर लळिंगपर्यंत जातो. चढताना उभं राहून पॅडल मारा, उतरताना वेग ३०, मग ३५, एक हात हलका करून बघा. थरथर नसेल तर खाली येऊन ॲलन की काढा आणि चारही बोल्ट पुन्हा एकदा तपासा. पहिल्या वीस किलोमीटरमध्ये ते हटकून थोडे बसतात. तेव्हा पाव फेरी मिळाली तर आवळा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी परत एकदा हात लावा.